कणगीतली घाण

आये, ललिताचा पाया पडून नमस्कार.

मी बरी हाय, पोटभर जेवते. फक्त हाताचा वास साबणानं पण जात नाय. बाबाचा खोकला कसा हाय?

इथल्या कलाकार बाईंनी नदीभर माजलेली जलपर्णी सुकवून माझ्याकडनं प्रदर्शनासाठी कणगी विणून घेतली. मग माझ्याच हातानं तिच्यात गटारातल्या पिशव्या, हगलेले डायपर कोंबायला लावले! म्हणाल्या, "शहर नदीला हेच खायला घालतं." खरं असंल, पण आपण भात ठेवतो गो कणगीत! मला शिसारी आली. लोक नाकाला रुमाल लावून फोटो काढतात.

फोनवर म्हणालीस, आपल्या डोहात जांभळी फुलं आलीत, गौरीला वाहू. आये, तीच ही जलपर्णी. वाहू नको, बायांना घेऊन मुळासकट उपट. इथल्या नदीला पण आधी फुलंच आली होती.

तुझी,
ललिता