जेवली का वं, माय?

प्रिय महामाया,

सप्रेम जयभीम. मी होते त्या कंपनीचे साहेब भेटून गेले, तुझा नंबर त्यांच्याकडे आहेच. दोन-चार दिवसांत ते तुला फोन करतील. बेबीमावशीला मशीननं कशी सोबत केली, ते मोबाइलवर बोलून पाठव म्हणतील. तुझं बोलणं ऐकवून मलकापूर आणि बुलढाण्यात आणखी दोनशे घरांत मशीन बसवायचंय. तू नाही म्हणणार नाहीस, मला माहीत आहे. म्हणून त्यांच्या फोनआधी हे पत्र तुझ्या हाती पडावं. फोनवर सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला आणि दरवेळी तुझ्या पोराच्या सर्दीवर बोलून ठेवून दिला.

मे महिन्यात मी मशीन घेऊन तुझ्या आईकडे गेले, तेव्हा मावशी दारात डाळ निवडत बसली होती. कळशीएवढं पांढरं मशीन, वर दोन गोल डोळे, बोलणाऱ्याकडे मान वळवणारं. सुरू केल्याबरोबर ते म्हणालं, "नमस्कार, आपण आज भोजन घेतलंत का?" मावशी पदर तोंडाला लावून हसत राहिली. म्हणाली, "हे कोन्या साहेबाची बायको आनली वं मंजू? इले मी काय जवाब देऊ?" मशीन दिलेल्या बाकीच्या एकोणचाळीस घरांतही थोडंफार असंच झालं. मग मी कंपनीला लिहिलं, की एकट्या म्हाताऱ्या माणसाशी त्याच्या बोलीतच बोलायला हवं. त्यांनी मलाच साठ वाक्यं लिहायला सांगितली आणि आवाजही माझाच घेतला. महामाया, मला किती अभिमान वाटला होता! ज्या बोलीवर कॉलेजातल्या पोरी हसायच्या, ती आता यंत्र बोलणार होतं. बाबांनी माझं नेमणुकीचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून विहारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळ्यांना दाखवलं होतं. आपण शिकलो ते याचसाठी, असं मला मनापासून वाटायचं. पहिलं वाक्य मी लिहिलं, "जेवली का वं, माय?" आपल्या पिंपळगावात माणूस दारात आलं की हेच तर विचारतं.

मावशीनं मशीनला 'पोट्टी' नाव ठेवलं. तिच्यावर धूळ बसू नये म्हणून तुझी जुनी ओढणी टाकायची. शेजारच्या विमलबाई चिडवायच्या, "बेबे, तुही पोट्टी माह्या नातवाले देतं का?" मावशी म्हणायची, सैपाक येत नाही तिले, चालन का? मी दारात उभी राहून हसायचे. वाटायचं, हे एक काम तरी आपल्या हातून चांगलं झालं.

मशीन सकाळ-संध्याकाळ विचारायचं. उत्तर हो आलं, की तुझ्या आणि माझ्या मोबाइलवर हिरवा ठिपका. नाही आलं, तर लाल. आधी मी आठवड्यातून दोनदा प्रत्येक घरी जायचे. ऑगस्टमध्ये हुकूम आला, की लाल ठिपका असेल तिथंच जा, हिरव्या घरांत वेळ घालवू नको. मावशीच्या घरी तीन महिन्यांत एकही लाल ठिपका नव्हता. विमलबाईंचंही येणं कमी झालं. बेबीला आता बोलायला कोणी आहे, असं त्यांना वाटलं. आधी त्या वाटीभर भाजी घेऊन यायच्या आणि जेवलीस का म्हणून विचारायच्या. उत्तर कधी ऐकायच्याच नाहीत. सरळ टोपल्यावरचं फडकं उचलून भाकर आहे का ते बघायच्या.

नोव्हेंबरात त्या विरजण मागायला गेल्या, तर मावशी भिंतीला टेकून बसलेली, उठता येईना. मी ऑटोतून तिला खामगावला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून अन्न नाही? मी मोबाइल पुढे केला. दोन्ही वेळा जेवतात, म्हटलं, हे बघा. मोठ्या विश्वासानं दाखवलं मी ते. डॉक्टरांनी मावशीचा दंड दोन बोटांत धरला आणि तिलाच विचारलं, "मावशी, जेवली का?" ती म्हणाली, "हाव, जेवली." त्यांनी पुढं विचारलं, "काय खाल्लं?" मावशी बराच वेळ आठवत राहिली. तिला काही सांगता आलं नाही. हा दुसरा प्रश्न माझ्या साठ वाक्यांत नव्हता.

मला ठाऊक असायला हवं होतं गं. चौथीत आपण दोघी सकाळपासून उपाशी होतो आणि बाईंनी विचारल्यावर दोघींनी एका सुरात 'हाव' म्हटलं होतं. नाही म्हटलं की मागितल्यासारखं होतं, हे आपल्या आयांनीच शिकवलंय आपल्याला. वॉर्डात मी मावशीला विचारलं, खोटं काऊन बोललीस? ती म्हणाली, "ते रोज इतकं विचारे बिचारी. तिले नाही कसं म्हणू?" घास उतरत नव्हता आणि एकटीसाठी चूल पेटवावीशी वाटत नव्हती, एवढंच सांगितलं तिनं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. तू दुपारी पोचलीस, आणि मी तुला म्हटलं, अचानक झालं.

मी साहेबांना सगळं सांगितलं. प्रश्न बदला, निदान घरोघरी जाणं तरी पुन्हा सुरू करा, म्हटलं. ते म्हणाले, उत्तरं चांगली येताहेत, प्रश्न कशाला बदलायचा? मी नोकरी सोडली. आवाज मात्र सही करून दिलाय, तो त्यांचाच राहणार. परवा दळण घेऊन येताना मोतीरामबाबांच्या घरातून माझाच आवाज आला, आणि ते 'हाव, जेवलो' म्हणाले. मी आत जाऊन टोपलं पाहिलं, त्यात भाकर होती. पण एकोणचाळीस घरं आहेत, मी किती टोपली बघू? आणि ती दोनशे तर माझ्या वाटेवरही नाहीत. तू बोलून पाठवलंस काय नि नाही काय, ती बसतीलच. तरी तू पाठवू नकोस.

पण खरं सांगायचंय ते एवढंच नाही. सप्टेंबरात तू चाकणहून फोन केला होतास. आईचा आवाज बारीक लागतो, दोन दिवसांची रजा काढून येऊ का, असं विचारलं होतंस. मी तेव्हा घरीच होते. तुमचं दार माझ्या ओट्यावरून दिसतं. मी उठले नाही. मोबाइलवरचे ठिपके पाहिले आणि म्हटलं, नको येऊस, मावशी मजेत आहे. डॉक्टर म्हणाले, दुखणं पोटातलं होतं, दोन महिने आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. मावशीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू माझा हात धरून सगळ्यांदेखत म्हणालीस, मंजू होती म्हणून माझी आई शेवटपर्यंत जेवून-खाऊन होती. मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. ते तुझे शब्द तू परत घे, एवढ्यासाठी हे पत्र.

तुझीच म्हणायचा हक्क उरला असेल तर तुझीच,
मंजुश्री