उरलेल्या ओट्सच्या पावाची भट्टी कोणाकडे जाईल

मी धुरपताबाई जागेश्वर पटले, वय चोपन्न, राहणार मुर्री, काम स्वयंपाकाचं, शिक्षण चौथी, हा कागद स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक दिलेला नाही, काही पाजलेलं नाही, गोडही बोललेलं नाही. गोड बोललं असतं तर मी लिहिलंच नसतं. वकिलाकडून लिहून घ्या असं सगळे म्हणत होते. वकील छोटेलालच्या ओळखीचा निघाला, म्हणून मीच बसले.

सोमवारी नागपुरात माझं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणते, साधं आहे. साधं आहे तर आधी एवढ्या सह्या कायले घेतल्या? म्हणून माझ्यामागे कोणाचं काय ते इथे ठरवून जाते.

पहिलं, घर. घर माझ्या नावावर आहे. ते मुलगा हेमेंद्र आणि सून रुची दोघांना सारखं. एकट्याच्या सहीनं विकता येणार नाही. हेमेंद्रला वाईट वाटेल. वाटू दे.

दुसरं, कानातले. ते मुलगी नीतूचे. ती नवेगाव बांधला दिली आहे. तिनं स्वतः येऊन घ्यावे, जावयाच्या हाती देऊ नये.

तिसरं, वेल्डिंगची मशीन. माझे मालक जागेश्वर वेल्डर होते. ते गेल्यावर दीर छोटेलाल दोन दिवसांसाठी म्हणून मशीन घेऊन गेला. ती अजून त्याच्याकडेच आहे. माझ्या मालमत्तेतला त्याचा हिस्सा तोच, तो त्याला मिळालेला आहे. आणखी मागू नये.

चौथं, भट्टी. खरं भांडण हिच्यावरच होईल, म्हणून नीट लिहिते.

गोंदियात एका खासगी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात मी काम करते. तिथे साखरेच्या आणि हृदयाच्या रोग्यांसाठी सकाळी ओट्स शिजतात. खेड्यातले रोगी ते पाहून म्हणतात, "बाई, हे ढोराचं खाणं मले कायले देता?" आणि घरून आणलेला भात खातात. अर्धा गंज, म्हणजे अर्धं मोठं पातेलं, उरतो. आधी तो नालीत जायचा. माझ्यानं पाहवेना. मी विचारून घरी आणू लागले आणि कणिक, गूळ घालून त्याचे पाव करू लागले. मालकांनी तेलाच्या ड्रमची भट्टी करून दिली होती, त्यात भाजले. ओट्स शिजलेले आणि ओले, म्हणून पाव तिसऱ्या दिवशीही नरम. मुर्रीतच सगळे खपायचे.

मग सगळ्यांना एकदम माझी माया आली. कृती विचारू लागले. मला शंका आली. मी तिघांना तीन गोष्टी सांगितल्या. हेमेंद्रला म्हटलं, मी तीळ टाकते. छोटेलालला म्हटलं, ओवा. रुचीला म्हटलं, बडीशेप. यातलं मी काहीच टाकत नाही. कुठून बाहेर जाते ते पाहायचं होतं.

गेल्या दिवाळीनंतर गोंदियाच्या बाजारात एका दुकानात ओट्सचा पाव दिसला. विकत घेतला, तिथेच तोडून खाल्ला. गुळाच्या पावात ओवा. तसाच कागदात बांधून छोटेलालच्या दारात गेले.

"काऊन छोटेलाल, गोड पावात ओवा कोण टाकते?"

"पोटासाठी चांगला राहते, भाभी."

पाव कोणाचा, कुठला, एक शब्द विचारला नाही त्यानं. मला तेवढं पुरलं.

वरून गावात बोलत फिरला की भाभीचा पाव रोग्यांच्या उष्ट्याचा आहे. माझं गिऱ्हाईक अर्ध्यावर आलं. म्हणून इथे लिहून ठेवते. ताटातलं ते उष्टं. गंजातलं ते उरलेलं. वाढायची पळी ताटाला लागत नाही, ताट गंजापाशी येत नाही. ताटातला घास मी कधी घरी आणला नाही. ज्याला पटत नसेल त्यानं सकाळी येऊन उभं राहावं.

भट्टी हेमेंद्रला देत नाही. तो कबाडीवाल्याला देईल. तिळाचं त्यानं कोणाला सांगितलं नाही हे खरं, पण त्याला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत लक्षात राहत नाही.

राहिली रुची. बडीशेपचा पाव बाजारात कुठे दिसला नाही. तरी माझा विश्वास बसत नव्हता. वाटायचं, हिला कोणी विचारलंच नसेल.

कृती कागदावर लिहिणार नाही, हा कागद दहा जण वाचतील. म्हणून काल सकाळी हेमेंद्र बाहेर गेल्यावर रुचीला भट्टीपाशी बसवलं आणि तिच्या हातानं कणिक मळून घेतली. बडीशेपचा डबा मुद्दाम तिच्यासमोर ठेवला. तिनं हात लावला नाही.

"बडीशेप काऊन नाही टाकली?"

"तुमच्या पावाले बडीशेपचा वास कधी आला, आई?"

"मंग तुले तेव्हाच समजलं होतं?"

"हो. तुम्ही मले पारखून राहिल्या होत्या."

"मंग बोलली काऊन नाही?"

"बोलली असती तर तुम्ही दुसरंच काही सांगितलं असतं," असं म्हणून ती पुढे मळत राहिली. मालकांनी एवढ्या वर्षांत मला असं तोंडावर कधी सांगितलं नाही.

पाव चांगला उतरला. माझ्यापेक्षा थोडा जास्तच फुगला, हे तिला सांगू नये.

तर भट्टी, तिची झाकणं, साचे आणि दवाखान्यातला उरलेला गंज आणायचा मान रुचीचा. ओट्स नालीत जाऊ देऊ नये. एकाच घरात राहून एवढं पोटात ठेवणाऱ्या बाईवर नजर ठेवावीच लागते. सोमवारनंतर परत आले तर मी ठेवीन. नाही आले, तर तिच्यावर नजर ठेवायची कोणाला गरज नाही.

आधीचं कोणतंही लिहिलेलं कोणी दाखवलं तर ते माझं नाही. मी आधी काही लिहिलेलं नाही.

साक्षीदारांना या कागदातून काही मिळणार नाही, म्हणूनच हे दोघं निवडले. दोघांच्या समोर मी सही केली, माझ्यासमोर त्यांनी केली.

सही: धुरपताबाई जागेश्वर पटले

साक्षीदार:
१. केशोराव, दवाखान्याच्या स्वयंपाकघरातले कोठीवाले. गंजातलं आणि ताटातलं वेगळं असते हे यांनी रोज पाहिलं आहे. (सही)
२. कवडू, शेजारी, राईस मिलमध्ये हमाल. (अंगठा)

मुक्काम मुर्री, ता. जि. गोंदिया
२२ फेब्रुवारी २०२५