साबेराच्या चुलीवर

प्रिय स्वप्नाबाय,

पाकीट बघून घाबरू नको गो. आजी धडधाकट आहे, उलट जरा जास्तच झाली आहे. आधी चहा ठेव आणि मग वाचायला बस, कारण मला थोडक्यात सांगता येत नाही हे तुला जन्मापासून ठाऊक आहे. दिल्लीच्या इस्पितळाने तुला नर्सच्या नोकरीला बोलावलं आणि तू नको म्हणणार आहेस, रत्नागिरीलाच काहीतरी बघणार आहेस, हे तुझ्या बापाने सांगितलं. आजी गावी एकटी, म्हणून. त्यावर मी बोलणारच आहे. पण आधी माझी हकिगत ऐक, ती ऐकल्याशिवाय माझं बोलणं तुला पटायचं नाही.

गेल्या महिन्यात चष्मा आणायला रत्नागिरीला गेले होते. चष्मा झकास झाला, आता तांदळातला खडा लांबून दिसतो. एसटीला वेळ होता, म्हटलं मिरकरवाड्याला जाऊन थोडे बांगडे घ्यावे. बाजार उठत आलेला. एकाच बाईकडे एकच वाटा उरलेला, तोही फळीच्या कडेला. मी हात घातला तर पलीकडून दुसरा हात आला, हिरव्या बांगड्यांचा, चांगला जाडजूड. मी म्हटलं, मी आधी धरला. ती म्हणाली, धरला म्हणून काय तुझ्या बापसाचा झाला? मी म्हटलं, माझ्या बापसाला मध्ये आणू नको, तो तुझ्यापेक्षा बरा बोलायचा. कोळीण बिचारी दोघींकडे बघत राहिली. मग त्या बाईने पदर कमरेला खोचला आणि ओरडली, ओहोटीला पण अशीच करायचीस, माझ्या खडपावर येऊन माझी कालवं काढायचीस! बोलून गेली आणि तीच मला निरखून बघायला लागली. मी चष्मा वर केला, खाली केला. साबेरा! पूर्णगडची साबेरा! अगो येसू, तू अजून जित्ती हायस, म्हणाली, आणि भर बाजारात मला मिठी मारली. बांगडे दोघींच्या मधे चिरडले. तरी कोळणीने वाटा गळ्यात मारलाच.

साबेरा तुला मी कधी सांगितली नसेल. आमच्या लहानपणी पूर्णगडला ओहोटी लागली की आम्ही दोघी खडकावरची कालवं फोडायला जायचो. भरती आली की तिच्या घरी. तिची आई आम्हा दोघींना एकाच थाळ्यात भात वाढायची. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, पोर होते, भूक लागलेली असायची. पुढे लग्न होऊन तुझ्या आजोबांच्या गावी आले तेव्हा कळलं की तो थाळा केवढा मोठा होता. गावात सगळे बोलायला गोड, शेतावर बरोबरीने लावणी लावतील, पण आपल्या वाडीच्या बाहेर माझ्या हातची भाकरी आजवर कोणी मोडली नाही. कोणाच्या घरी लग्नकार्य असलं की मला लाकडं रचायला बोलावणं असायचं, चुलीकडे नाही. हे मी तुला सांगत नव्हते. तुझ्या आजोबांपाशी, सहदेवांपाशीसुद्धा कधी काढलं नाही. आता सांगते, कारण आता ते सांगायला जड जात नाही.

तर साबेरा. तिचा नवरा जहाजावर होता, तो वारल्यावर तिने इथे रत्नागिरीत लग्नाच्या जेवणांची कामं घ्यायला सुरुवात केली. त्या दिवशी संध्याकाळी राजिवड्यात लग्न होतं, आणि तिच्या नेहमीच्या भाकऱ्या करणाऱ्या बाया दुसरीकडे गुंतलेल्या. म्हणून तिने घाटावरून आलेल्या दोघी जमवल्या होत्या. चल, बघ तरी, म्हणाली. मी म्हटलं, माझी एसटी जाईल. ती म्हणाली, एसटी उद्या पण येते, मी काय रोज भेटते काय? रिक्षात ढकललंनच मला.

मांडवामागे गेलो तर काय सांगू! त्या दोघी चांगल्या होत्या गो, हाताला वेग होता, पण त्यांना सवय ज्वारीची. त्यांनी तांदळाचं पीठ थंड पाण्यात भिजवलेलं. भाकरी थापली की कडेने फाटायची, तव्यावर टाकली की भाताच्या मळ्यात उन्हाळ्यात पडतात तशा भेगा. साबेरा कपाळ धरून बसली. वऱ्हाड दारात, आणि भाकरीशिवाय ते मटण कोण खाणार? माझ्याकडे बघितलंन. मी तिला बाजूला घेऊन हळूच म्हटलं, साबेरा, इथे जेवणारे मला ओळखत नाहीत, उद्या कोणी विचारलं तर तुझी कामं जातील. ती म्हणाली, विचारू दे, मला पण तोंड आहे. पाणी उकळत ठेव.

आणि मी ठेवलं बाय. उकड काढली, गरम गरम मळली, त्या घाटावरच्या दोघींना हात भिजवून थापायला दाखवलं. त्यातली हौसा तर अशी शिकली की मला मागे टाकते की काय असं झालं. भाकऱ्या फुगायला लागल्या, तव्यावरून परातीत, परातीतून मांडवात. तेवढ्यात निरोप आला, नवऱ्यामुलाचे आजोबा विचारतात, भाकऱ्या कोणी केल्या? मी पदराला हात पुसले. साबेरा मला हाताला धरून थेट त्यांच्यासमोर घेऊन गेली. ही येसू, म्हणाली, पूर्णगडच्या बौद्धवाडीतली, माझी मैत्रीण. म्हाताऱ्याने मान वर केलीन आणि म्हणाला, तर मग तिला इथे कशाला उभी केलीस? माझी भाकरी करपेल! अख्खी पंगत हसली. मी पळत चुलीपाशी आले आणि धूर नसतानाही डोळे पुसले. त्या रात्री परातीत चतकोरसुद्धा उरला नाही. मग पंगतीतल्या बायका मागे चुलीकडे आल्या, एकीने तर कौतुकाने माझा हातच उलटसुलट करून बघितला.

आता मुद्द्याचं. त्यानंतर साबेराने मला सोडलं नाही आणि मीही सुटायला बघितलं नाही. चार लग्नं झाली, एक साखरपुडा झाला. ती म्हणाली, अर्धं काम तुझं, माझ्याकडेच राहा, वरची खोली रिकामी आहे, पोरं कुवेतला. मी तुझ्या बापाला, अभयला, न विचारता हो म्हटलं. हे पत्र त्याच खोलीतून लिहिते आहे, खाली साबेरा हौसाला ओरडते आहे. गावच्या घराला कुलूप लावून किल्ली शेजारच्या आनंदीबाईकडे दिली. तेव्हा माझ्या बाये, तू ज्या आजीसाठी दिल्ली सोडायला निघालीस ती आजी त्या घरात नाहीच. माझा आडोसा घेऊन मागे राहायची सोय मी मोडून टाकली आहे, आणि हे कळवायलाच पत्र लिहिलं. मला माझी चूल मिळायला म्हातारपण यावं लागलं, तुला तुझी आजच मिळते आहे. होकार कळव. माझ्याकडे बघायला यायचंच असेल तर दिल्लीहून रजा काढून ये, आणि येण्याआधी विचार, लग्नसराईत मला वेळ नसतो.

तुझीच, पिठाच्या हातांची,
येसूआजी