माऊझर आणि उजवा डोळा

३ मे
वोल्फ्सबुर्गमधला आणखी एक रविवार. रस्त्यावर चिटपाखरू नाही. यशोधन म्हणतो, "आई, किती शांत आहे ना इथे?" शांत कसलं, झोपलंय सगळं गाव!

जूनमध्ये कोल्हापूरला शाळेच्या मुली रेंजवर येतील. नेमबाजी मीच शिकवते त्यांना, मला तिथे असायलाच हवं. पण चिरंजीवांचं एकच पालुपद - इथेच राहा, तिकडे एकटी काय करणार? त्यात माझ्या उजव्या डोळ्याचं कळलं तर संपलंच. सरळ बघावं तर नेमकं तेवढंच पुसलं जातं, आजूबाजूचं दिसतं. मार्चपासून चाललंय हे. कुणाला बोलले नाही.

६ मे
तनयाने खालच्या मजल्यावरच्या ब्रांटआजोबांना सांगितलं, माझ्या सासूबाई नेमबाज आहेत. झालं! ते इथल्या शूट्झनफेराइनचे, म्हणजे नेमबाजांच्या क्लबचे जुने मेंबर. शनिवारी पाहुणी म्हणून बोलावलंय. सूनबाईंना नको तिथे माझं कौतुक.

नाही म्हणायला हवं होतं. पण हात शिवशिवायला लागलेत.

९ मे
गेलेच. आजोबांचं माऊझर पिस्तूल शंभरी ओलांडलेलं, पण काय जपलंय! एका हाताने झाडलं. मान किंचित उजवीकडे वळवली आणि डाव्या डोळ्याने नेम धरला. गोळ्या काळ्या वर्तुळात. आजोबा "प्रिमा, प्रिमा" करत होते, तनयाने व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. चोरी कुणाच्या लक्षात आली नाही. माझ्या मुलींपैकी कुणी अशी मान वळवली असती तर मी तिला फैलावर घेतलं असतं.

पुढच्या शनिवारी दस्ता लावू, आजोबा म्हणाले. पिस्तूल ठेवायची लाकडी पेटीच मुठीच्या मागे अडकवतात, की ते बंदुकीसारखं खांद्याला लागतं. "त्याने सोपं जातं म्हणतायत," तनया म्हणाली. सोपं! गाल लाकडाला टेकला की मान वळवायला जागाच उरत नाही. उजव्या खांद्याला उजवाच डोळा.

१३ मे
शनिवारी नको, पाठ दुखते, असं तनयाला सांगून बघितलं. "अहो आई, यशोधनने मुद्दाम वेळ काढलाय. तो पण येतोय बघायला!"

दिवसभर घरात येरझारा. भाजी करपवली.

१६ मे
यशोधन मागे उभा. दस्ता खांद्याला लावला, गाल टेकला. नळीच्या टोकाकडे बघावं तर टोक गायब. वर्तुळाकडे बघावं तर वर्तुळ गायब. अंदाजाने झाडावी असं आलं मनात, खोटं कशाला लिहू? पण दिसत नसेल तर चाप ओढायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी शिकवते. पिस्तूल खाली घेतलं. दस्ता डाव्या खांद्याला लावला. अवघडल्यासारखं झालं, पण सगळं लख्ख दिसलं. गोळ्या पुन्हा काळ्यात.

"आई, तू डावखुरी कधी झालीस?" यशोधन हसत होता. गंमत केली, मी म्हणाले.

ब्रांटआजोबा हसले नाहीत. निघताना त्यांनी मला कोट घालायला मदत केली आणि स्वतःच्या उजव्या डोळ्याजवळ बोट नेऊन माझ्याकडे बघत राहिले. मी बटणं लावत बसले. घरी येईपर्यंत यशोधन माझ्या व्हिसाचं बोलत होता. काही डोक्यात शिरलं नाही.

१७ मे
यशोधन समोर पोहे खात होता. मी हळूच डावा डोळा झाकला. कान दिसले, शर्टाची कॉलर दिसली. मध्ये माझ्या मुलाचा चेहरा नव्हता. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. सगळं सांगितलं त्याला.