वर्ष बदलायच्या आत

२३ इस्फंद, सोमवार

पुन्हा तेच उत्तर! "बर्फ वितळू द्या काका, मग बघू." शोधपथकातला तो पोरगा फोनवर इतका नम्र बोलतो की शिवीही देता येत नाही. अख्तरने स्वयंपाकघरातून विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, वीजवाला.

सियामक तोचालच्या डोंगरावर गेला त्याला दोन महिने झाले. एकटाच गेला होता. वरच्या घळीत हिमलोट आला. काठी सापडली, पोरगा नाही. पथकवाले म्हणतात, गेला. माझी बायको म्हणते, कुणी पाहिलंय? मला कुणी विचारत नाही. मला त्याची कबर हवी आहे, बस. इस्फंद संपून वर्ष बदलायच्या आत हवी आहे. पोराची कबर मागणारा बाप! लिहितानाही लाज वाटते.

२५ इस्फंद, बुधवार

काल रात्रभर फटाके. गल्लीतली पोरं वर्षअखेरच्या जाळावरून उड्या मारत होती. खिडकी लावून बसलो.

अख्तरची सणाची साफसफाई जोरात आहे. पडदे धुतले, गालिचा झटकला, सियामकचे सगळे शर्ट धुऊन इस्त्री केले. निळ्याचं तुटलेलं बटणही लावलं. म्हणाली, वर्ष लागतं त्या घटकेला माणूस घरात असावं लागतं, त्याला ठाऊक आहे, तो येईल. बोललो असतो तर भांडण झालं असतं, आणि भांडण्याइतकं त्राणही आता उरलेलं नाही.

२६ इस्फंद, गुरुवार

वर्षातला शेवटचा गुरुवार. आज सगळं तेहरान आपापल्या माणसांच्या कबरींवर जातं. वरच्या मजल्यावरचा मन्सूर आणि त्याची बायको गुलाबपाणी आणि फुलं घेऊन उतरत होते. जिन्यात थांबून म्हणाला, गाडीत जागा आहे, येता का? मग त्याचं त्यालाच कळलं आपण काय बोलून गेलो ते. बिचारा लाल झाला. अख्तर दारातूनच म्हणाली, "आमचं तिथे कुणी नाही." खरंच आहे. आमचे म्हातारे गावाकडे पुरलेले, आणि पोरगा — पोरगा कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही.

दुपारी खजूर आणले. अक्रोड भरलेले, लोक आजच्या दिवशी कबरीपाशी वाटतात तसे. पाठीवरच्या पिशवीत मोज्यांखाली लपवले. तीस वर्षं शहराच्या बसगाड्या हाकल्या, कुणाच्या बापाला भ्यालो नाही. आणि आता बायकोपासून खजूर लपवतो!

२७ इस्फंद, शुक्रवार

पहाटे निघालो. अख्तर जागीच होती. म्हणाली, "मफलर घ्या. त्याचाही घ्या, गारठला असेल." घेतले. दोन्ही.

दरबंदला, डोंगराच्या पायथ्याशी, शुक्रवारची नेहमीची गर्दी. कुणाच्या हातात किटली, कुणाचा रेडिओ. प्रत्येक जण समोरच्याला म्हणतोय, थकू नका! थकू नका! इतकी वर्षं मीही म्हणत आलो. आज तोंडातून शब्द फुटेना. मान हलवत वर चढलो. लोकांना वाटलं असेल, काय खडूस म्हातारा आहे.

रजबच्या चहाच्या टपरीवर थांबलो. सियामक एवढासा होता तेव्हापासून रजब त्याला ओळखतो. ऑम्लेट समोर ठेवून तो शेजारीच बसून राहिला. सियामकचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. निघताना एवढंच म्हणाला, "इस्कंदर आगा, वरचा बर्फ सकाळी फरशी आणि दुपारी लापशी. बाराच्या आत खाली या. एकटे आहात."

आलो नाही.

शिरपालाचा निवारा मागे टाकला आणि त्या घळीशी पोचलो. ऊन इतकं की डोळे उघडवत नव्हते. बर्फाखालून पाण्याचा आवाज येत होता. वसंत आलाय म्हणे! काठी खुपसत खुपसत सगळा उतार धुंडाळला. काळं काही दिसलं की धडपडत तिकडे. दगड. दगड. कुणीतरी टाकलेली पिशवी. पुन्हा दगड. एकदा हाकही मारली त्याला. मूर्खपणा, दुसरं काय.

मग बसलो. बर्फ सैल होत गेला, उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. काढायला लागलो आणि मधेच सोडून दिलं. वाटलं, राहू दे. वरून यायचं असेल ते येऊ दे. बाप-लेक एकाच ठिकाणी असतील, पथकाला एकाच खेपेत दोघं सापडतील. हे अगदी शांतपणे मनात आलं. भीती तेव्हा नाही वाटली, आता लिहिताना वाटते आहे.

वरून एक मुलगी उतरत आली. लाल जाकीट, टाचा रोवत, झपझप. थकू नका, बाबा. मी उत्तर दिलं नाही. ती थांबली.

"अडकलात?"

"नाही. बसलोय."

"ही काय बसायची जागा आहे? वर बघा, सगळा उतार सुटायच्या बेतात आहे. उठा."

"तू जा, पोरी."

"तुम्ही उठल्याशिवाय मी नाही जाणार. मला काही झालं तर माझी आई तुम्हाला जन्मभर शिव्या घालेल."

आणि खरंच, गुडघ्यांवर बसून हातांनी माझ्या पायाभोवतीचा बर्फ उपसायला लागली. तोंडाने सारखी बडबड — या वयात एकटं यायचं का, घरी सांगून तरी आलात का! मी उठलो. माझ्यासाठी नाही. तिच्या आईसाठी उठलो.

खाली कोरड्या खडकाशी आल्यावर खजुरांचा डबा काढला. तिने एक उचलला आणि थबकली. या आठवड्यात असे खजूर का देतात ते कुणाला सांगावं लागत नाही.

"कुणाच्या नावाने?"

"मुलाच्या. सियामक."

तिने डोळे मिटले, ओठ हलले. मग म्हणाली, "देव त्याला क्षमा करो."

गेलेल्या माणसासाठीच म्हणतात हे, आणि माझ्या तोंडावर पहिल्यांदाच कुणीतरी म्हटलं. मला वाटलं होतं, एकदा ऐकलं की हलकं वाटेल. कसलं हलकं! आपणच आपल्या हाताने त्याला मारलं असं वाटलं. उरलेले खजूर रजबकडे ठेवून आलो.

घरी पोचलो तेव्हा अख्तर दारात उभी. तिने माझ्याकडे नाही, माझ्या मागे जिन्यावर पाहिलं. मग माझ्या हातातले दोन्ही मफलर घेतले आणि खुंटीला अडकवले.

२८ इस्फंद, शनिवार

पाय उचलत नाहीत. अख्तरने गुडघ्यांना तेल चोळून दिलं.

२९ इस्फंद, रविवार

यंदा वर्ष संध्याकाळी लागलं. आरसा, सफरचंदं, लसूण, गव्हाचे हिरवे अंकुर, सगळं मांडलं होतं. ताटं तीन. टीव्हीवर वर्ष लागल्याची तोफ होईपर्यंत ती दाराकडे बघत होती. तोफ झाली. दार बंदच.

तिने त्याच्या ताटात भात वाढला, मासा वाढला, काटे काढायला लागली. मला सहन झालं नाही. म्हणालो, "अख्तर, तो मेला."

ती म्हणाली, "जेवा. गार होतंय."

२ फरवर्दीन, मंगळवार

नव्या वर्षाचा दुसरा दिवस, आणि अख्तर बोलत नाही माझ्याशी. सणाला भेटायला आलेल्यांना सांगते, सियामक प्रवासाला गेलाय. लोक मान डोलावतात, पिस्ते खातात, जातात. मला पुन्हा वर जाऊन त्या उतारावर बसावंसं वाटतं.

७ फरवर्दीन, रविवार

फोन आला. घळीच्या पार खाली, ओढ्यात एक देह सापडलाय. अख्तर म्हणाली, मीपण येणार. शवागारात चादर तिनेच उचलली. खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हा आपला नाही."

मी भिंतीला टेकलो.

खिशातल्या कार्डावरून कळलं, कर्मानशाहकडचा पोरगा, इथे कामाला होता. खोलीवरच्या मित्राला वाटत होतं, सीमा ओलांडून तुर्कस्तानात गेला. घरचेही तेच धरून फोनची वाट बघताहेत. तिथला अधिकारी म्हणाला, सणाच्या सुट्ट्या संपल्या की कळवू त्यांना, तेवढाच त्यांचा सण तरी गोड जाईल.

अख्तरने विचारलं, "आई आहे त्याला?"

"आहे."

"मग आजच कळवा," ती म्हणाली. "असं वाट बघत ठेवू नका तिला."