पायथा दक्षिणेला

७ ऑक्टोबर २०२४, सोमवार

नितीनदादा, ठाण्याचा माझा जुना मालक, इथे आला आहे. इथे – जव्हारला! शिरपामाळाच्या रस्त्याला एक कौलारू घर त्याने भाड्याने घेतलं आहे. होमस्टे काढणार. दुपारी माझा पत्ता विचारत पाड्यावर आला, चपला न काढता ओट्यावर चढला आणि माझ्या पाठीत थाप मारली.

"वाम्या, तुझ्यासारखा हात अख्ख्या ठाण्यात नाही रे! घर सजवून दे. दिवाळी झाली की पहिले पाहुणे."

मी हो म्हटलं. लगेच. श्वास घ्यायलाही थांबलो नाही.

तो गेल्यावर वहिनीने विचारलं, "ठाणं सोडलंत ते ह्याच्याच पायी ना?"

नाही म्हटलं. तिने कपबशा उचलल्या.

८ ऑक्टोबर

एकदाच लिहून टाकतो. सव्वा वर्ष मनात साचून आहे.

घोडबंदर रोडला सँपल फ्लॅट लावत होतो. सँपल फ्लॅट म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायचं घर. तिथे कोणी राहत नाही, पण कोणीतरी सुखाने राहतंय असं वाटलं पाहिजे. पलंग साडेपाच फुटी बनवून घ्यायचा, म्हणजे खोली मोठी दिसते. आतली दारं काढून ठेवायची. पडदा खिडकीच्या चौकटीवर नाही, पार छताजवळ टांगायचा – भिंत उंच वाटते. हे सगळं नितीनदादाने शिकवलं, ते नाकारत नाही. पण चार दिवस, जेवण सोडलं तर, मी तिथे बसलो नव्हतो. शेवटचा दिवा लावून झाला आणि सोफ्याच्या कडेवर टेकलो. कडेवर! तेवढ्यात तो एका मॅडमना घेऊन आत आला.

"ए, उठ तिथून! माफ करा मॅडम, जंगलातून आणलंय, सोफ्याची सवय नाही." मॅडम हसल्या. मग मला म्हणाला, "फिनाईल आण. पूस."

मी पुसलं. कापड दोनदा पिळलं. सुतार, वायरमन, सगळे बघत होते. मॅडमनी घर कोणी सजवलं विचारलं, तर म्हणाला, "मीच."

बस. लिहून झालं. हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

जागा मापून आलो. पुढची खोली चौदा बाय अकरा, मागची दहा बाय दहा. एक भिंत दीड इंच तिरकी आहे. नितीनदादाला ती दिसलीच नाही, मीही सांगितलं नाही.

त्याचं म्हणणं, "तुमच्याकडे घरात जे जे असतं ते लाव. टोपल्या, मडकी, बाज. पण क्लास वाटलं पाहिजे." सगळा पैसा त्याने स्वतःचा घातला आहे यात. घोडबंदरला दुसऱ्याची जागा होती, इथे त्याचीच.

त्याला स्वयंपाकाला एक आणि झाडलोटीला तीन बायका हव्या आहेत. स्वयंपाकाला वहिनीचं नाव पक्कं झालं. माझा थोरला भाऊ वारल्यापासून दोन्ही वर्षं ती प्रगतीला घेऊन भिवंडीच्या वीटभट्टीवर गेली. मागच्या खेपेला पोर चार महिने खोकत होती, धुळीने डोळे चिकटायचे. आता चार वर्षांची आहे, अंगणवाडीत गाणी शिकते. वहिनी आज तव्यावर भाकरी टाकता टाकता एकटीच म्हणाली, "यंदा भट्टी नाय."

मी ते ऐकलं. ऐकून ताटात बघत राहिलो.

१७ ऑक्टोबर

रात्रंदिवस एकच विचार. काय करू म्हणजे त्याला लागेल?

पडदे खाली टांगले तर खोली बुटकी होईल. आरसा संडासाच्या दारासमोर लावता येईल. पांढरा बल्ब लावला तर जेवणाचं ताट आजारी दिसतं. पण यातलं सगळं त्यानेच शिकवलेलं – पाच मिनिटांत पकडेल. वर म्हणेल, वाम्याचा हात गेला. ते मला चालणार नाही. काम वाईट दिसता कामा नये. काम इतकं सुंदर पाहिजे की त्याने फोटो काढावेत. आणि तरी त्याच कामाने त्याला खाली बसवलं पाहिजे.

तीन दिवस नीट जेवलो नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

बुधाचा बाप गेला. शेजारचंच घर. काल मयताला जाऊन आलो. बुधा पुढे, हातात सुतळीच्या शिंकाळ्यात मडकं, त्यात विस्तव.

म्हाताऱ्याने जिथे जीव सोडला तिथे संध्याकाळी बायांनी नागलीचं पीठ पसरलं, त्यावर दिवा ठेवला, वात दक्षिणेला, आणि वर टोपली पालथी घातली. आज सकाळी टोपली उचलून सगळ्या वाकून पिठात बघत होत्या. म्हातारा कोणत्या जन्माला गेला त्याची पावलं उमटतात म्हणे. रामी म्हणाली, "पाखराचा पाय आहे." फागी म्हणाली, "तुझ्या कोंबडीचा असंल! रातभर हिंडत हुती." मयताच्या घरात हसू आवरेना झालं बायांना.

मी मात्र त्या टोपलीकडे बघत होतो. मातीचा रंग, बांबूचा रंग, मधोमध उजेडाची रेघ. काय सुंदर दिसत होतं!

२२ ऑक्टोबर

सुचलं. बुधाच्या दारात उभा असताना सुचलं याची लाज वाटते. पण सुचलं!

२६ ऑक्टोबर, शनिवार

पुढची खोली लावून झाली.

बाज खिडकीशी, पायथा दक्षिणेला. जिवंत माणसाचे पाय आमच्याकडे कोणी दक्षिणेला करत नाही. उशी उत्तरेला ठेवली, वर पांढरी चादर, चारही बाजूंनी सारखी लोंबणारी – टेप लावून नऊ इंच. बाजेच्या कडेला जमिनीवर नागलीच्या पिठाचा गोल, त्यात पणती, वर टोपली पालथी. दाराच्या उजव्या हाताला सुतळीचं शिंकाळं, त्यात काळं मडकं. बाकी खोली रिकामी. भिंतीवर एकही फोटो नाही. पडदा छताजवळून.

आमच्या पाड्यावरचं चार वर्षांचं पोरसुद्धा दारातून सांगेल की इथे माणूस मेलेलं आहे.

नितीनदादा आला. तो दारात थांबला, डोकं तिरकं करून बघितलं. मग म्हणाला, "वाम्या... आई शप्पथ!"

त्याचा जन्म ठाण्याचा. त्याच्याकडचं माणूस दवाखान्यात जातं आणि तिथूनच गाडीतून पुढे नेतात. त्याला काय कळणार! उलट टोपलीपाशी उकिडवा बसून म्हणाला, "पणती विझेल रे. आत एलईडी टाकू. मूड लाइट!" स्वतःच्या हाताने पट्टी चिकटवली त्याने. मडक्याला हात लावून झुलवून बघितलं. "अशी अजून दोन कर. जोडीने टांगू."

मी म्हटलं, "एकच असतं, दादा."

"तुमची पद्धत का?"

"हो."

घरी येताना वाटेत एकटाच हसलो. मोठ्याने. बऱ्याच महिन्यांनी.

४ नोव्हेंबर, सोमवार

आज बाया कामावर यायच्या होत्या. मी आधीच जाऊन मागच्या खोलीत उगाच खिळे मोजत बसलो.

रामी पुढे होती. उंबऱ्याशी आली आणि पाय उचललेला तसाच मागे घेतला. "कोन गेला इथं?"

नितीनदादा म्हणाला, "कोण गेलं? कोणी नाही. या ना आत, चहा ठेवा."

सकू म्हणाली, "चहा? इथं चूल पेटवायची? सायेब, दिवस तरी झालं का?"

"कसले दिवस?"

फागीने सकूला कोपर मारलं. "चल. ह्याला सांगून काय उपेग? ह्याच्याच घरातलं कोनतरी असंल, लपवतोय." तिघी वळल्या त्या फाटकापर्यंत पळतच.

वहिनी मागे राहिली होती. ती आत आली नाही, पळालीही नाही. बाज बघितली, टोपली बघितली, चादरीची कड बघितली. मडक्याच्या शिंकाळ्याची गाठ तर बराच वेळ बघितली. मग गेली.

घाबरली असेल.

घरी मी तिला म्हटलं, "त्या घरात काम धरूच नका, वहिनी."

"मग भट्टीवर जाऊ?"

म्हटलं, बघू दुसरं काहीतरी. ती म्हणाली, "काय बघताय?" आणि प्रगतीचे केस विंचरायला बसली.

६ नोव्हेंबर, बुधवार

सगळीकडे पसरलं! जीपवाला शिरपामाळाच्या वळणावर वेग वाढवतो आणि म्हणतो, "मयताचं घर." दूधवाला दूध फाटकाला टांगून जातो. नितीनदादाने जव्हारमध्ये विचारलं, मोखाड्याच्या बाजारात विचारलं. तिथल्या दोन बाया जीपने आल्या, मडकं बघितलं आणि त्याच जीपने परत गेल्या.

आज गेलो तर तो गुडघ्यांवर बसून स्वतः फरशी पुसत होता. शर्ट पाठीला चिकटलेला. बादलीला फिनाईलचा वास! मी दारात उभा राहून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत बघितलं.

"वाम्या, काय झालंय रे या लोकांना? शनिवारी दोन कुटुंबं येतायत ठाण्याहून. तू तर त्यांच्यातला. काहीतरी सांग ना."

म्हटलं, "बाया आहेत, दादा. लहर असते."

कोपऱ्यात एक डाग राहिला होता. बोटाने दाखवला. त्याने पुसला.

आज पोटभर जेवलो. दोन भाकरी वरून मागून घेतल्या.

७ नोव्हेंबर

भट्टीचा मुकादम जगन येऊन गेला. रविवारी पहाटे त्याची जीप. वहिनीने नाव दिलं.

प्रगतीची बाराखडीची पाटी वहिनीने गाठोड्यात घातली होती. पोरीने ती काढून परत खुंटीला लावली. वहिनीने पुन्हा घातली, पोरीने पुन्हा काढली. शेवटी वहिनीने तिला एक धपाटा घातला आणि मग स्वतःच रडली.

मी म्हटलं, "मी आहे ना, मी घालीन तुम्हा दोघींना जेवायला."

"किती दिवस, भावजी? तुमचं लगीन होईल. मला माझ्या हातचं काम पायजे. ते दाराशी आलं हुतं."

हुतं, म्हणाली.

८ नोव्हेंबर, सकाळ

सोपं आहे. बाज फिरवायची, टोपली सुलटी करायची, पीठ झाडायचं, मडकं उतरवायचं. आणि बायांना सांगायचं की हे मयत नव्हतं, माझं काम होतं. दहा मिनिटं. पण बायांना सांगितलं की त्यालाही कळणार. मग तो हसणार. त्या मॅडमसारखाच.

८ नोव्हेंबर, संध्याकाळ

गेलो होतो. हात लावला नाही. नितीनदादा पायरीवर बसून बायकोशी फोनवर बोलत होता, "सगळं बुडालं तर काय तोंड दाखवू?" आवाज रडका. मला वाटलं होतं की ते ऐकून मन भरेल. भरलं नाही, अजून हवंसं वाटलं. उद्या पाहुणे येऊ देत. त्यांच्यासमोर, सगळ्यांदेखत, ना चहा ना जेवण – तसा उभा राहिलेला बघतो त्याला एकदा. मग वहिनीचं रविवारच्या आत काहीतरी करीन. एकच दिवसाचा प्रश्न आहे.

९ नोव्हेंबर, शनिवार

अकराला गाड्या लागल्या. रामी, फागी, सकू कुंपणापलीकडून बघत होत्या. तेवढ्यात वहिनी आली, कडेवर पेंगुळलेली प्रगती. कोणाशी न बोलता सरळ आत गेली आणि पोरीला त्या बाजेवर निजवलं. डोकं उशीवर. पाय दक्षिणेला. बाहेरून रामी तिला ओरडली, "कविता! पोर उचल, ए, पोर उचल!"

वहिनीने तिकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघितलं. "एवढं मापात दुसरं कोन मांडतं, भावजी? सोमवारीच कळलं मला. पाच दिस वाट बघितली. आता फिरवता, का निजू देऊ?"

नितीनदादा दारात होता. पाहुणे त्याच्या मागे. प्रगतीने झोपेत अंगठा तोंडात घातला.

त्याच्यादेखत बाज फिरवली. मग कुंपणापाशी जाऊन बायांना सगळं सांगितलं. मोठ्याने, त्यालाही ऐकू जाईल असं.