आखाजीचा गनिमी कावा

२६ एप्रिल १९९२, डोकमर्डी

परत गनिमी कावा! हे इथे परमुलखात सुताच्या कारखान्यात मॅनेजर झाल्यापासून घरात दुसरा शब्द नाही. न सांगता पाहुणे आणले — गनिमी कावा. डब्यातला शेवटचा लाडू खाल्ला — गनिमी कावा!

लग्नाआधी मी शाळेत इतिहास शिकवायचे. म्हटलं, अहो, गनीम म्हणजे शत्रू. मोगल आपल्याला गनीम म्हणत, आपण तेच नाव मिरवलं. थोड्यांनी पुष्कळांना जेरीस आणायचं, निसटायची वाट आधी हेरून ठेवायची. "मग मी काय वेगळं करतो?" म्हणे!

३० एप्रिल

आखाजीला — अक्षय्य तृतीयेला, लेकींच्या माहेरपणाच्या सणाला — कारखान्यातले सगळे खानदेशी गावी जाणार. ह्यांनी हसतहसत रजा दिल्या. मलाही खरं वाटलं!

२ मे

रजा रद्द. कामगारांच्या खोल्या कारखान्याच्या आवारातच, म्हणून सरळ गेटला कुलूप! बायकांना तेवढं कामापुरतं सोडतात. आणि माझं माहेरचं, अंमळनेरचं तिकीटही ह्यांनी परत केलं. आखाजीलाच माझ्या धाकट्या बहिणीचं, विजयाचं, लग्न!

"मी इथे अडकलो, तू एकटी कशी जाणार? आधी सांगितलं असतं तर रडली असतीस. गनिमी कावा!"

रडलेच. मग संताप आला. कुलपं आणि पहारे ज्याच्याकडे, तो मोगल — एवढं तरी कळावं ना माणसाला!

३ मे

आमच्याकडे धुणं-भांडी करणारी कावेरी आवारातच राहते. नवरा समाधान तिथेच कामाला. आज तिच्या गाठोड्यात समाधानच्या विजारी! रोज थोडे थोडे कपडे बाहेर काढतेय. रखवालदार हटकत नाही — साहेबांचं धुणं!

विचारलं तेव्हा तिनं बेत सांगितला: माणसं मागच्या कुंपणातून एकेक करून निघणार. उद्या दुपारी शेजारच्या अथालला टेम्पो.

"ताई, आखाजीले लेक सासरी ऱ्हास का? चाला!"

४ मे

टेम्पोत लिहितेय. अक्षर वाकडं येतंय. येऊ दे!

५ मे, अंमळनेर

विजयाचं लग्न लागलं. अक्षता टाकून वळले, तर मागे हे! दाढी वाढलेली, शर्ट तारेनं फाटलेला. कारखाना रिकामा बघून मालकांनी ह्यांनाच आत कोंडलं होतं — "पहले मजदूर लाओ, फिर घर जाओ!" कुंपणातली वाट ह्यांना कुणी दाखवली, ते सांगत नाहीत. काल टेम्पोत नसलेला समाधान पंगतीत त्यांना आग्रहानं वाढत होता.

नोकरी बहुतेक गेली. हे मात्र पोटभर जेवले.